सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरला फुकटचा अँटिव्हायरस की विंडोजचाच डिफेंडर?

उदगीरकडचे केंद्रचालक हे सारखं विचारतात, म्हणून लिहितो. व्हायरस पकडायला दोन्ही ठीक. माझ्या मशीनवर तरी फरक जाणवला नाही.

फुकटच्याची एक गोष्ट खरंच चांगली. गिऱ्हाइकाची पेन ड्राइव्ह लावली की तो लगेच 'स्कॅन करू का' विचारायचा. डिफेंडर फाईल उघडताना तपासतो, पण पूर्ण ड्राइव्ह राइट क्लिक करून आपणच स्कॅन करायची. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला दारात रांग असताना ते राहून जातं.

माझं मन उडालं ते संमतीवरून. मी वापरायचो त्यात 'माहिती इतर कंपन्यांना देण्यास हरकत नाही' यावर आधीच टिक केलेली, तीही सेटिंगमध्ये पार आत. काढली तरी मोठं अपडेट आलं की पुन्हा हजर! मग दर अपडेटनंतर तेच पान उघडून बघायचं. आपल्याकडं लोक आधार, सातबारा, पासबुक घेऊन विश्वासानं येतात. त्यांच्या वतीनं ही टिक करणारे आपण कोण?

ही भीती उगाच नाही. अवास्ट या फुकटचा अँटिव्हायरस देणाऱ्या कंपनीनं लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. नावं काढल्याचं सांगितलं, पण प्रत्येक ब्राउझरची वेगळी ओळख माहितीसोबत जातच होती. २०२० च्या जानेवारीत बोभाटा झाल्यावर जम्पशॉट बंद केली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही म्हणतो, की संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं.

डिफेंडरही अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. संशयास्पद फाईल तो मायक्रोसॉफ्टकडं पाठवतो. मात्र फाईलीत खासगी काही असेल असं वाटलं तर आधी विचारतो, आणि 'ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन' एका बटणावर बंद होतं. मग पिवळी खूण दिसते, ती 'डिसमिस' करायची. माझ्याकडं ते बटण अजून आपोआप चालू झालेलं नाही.

दिवसभर पेन ड्राइव्हच येत असतील तर पैसे भरून चांगला अँटिव्हायरस घ्या, हरकत नाही; फक्त टाकल्या टाकल्या प्रायव्हसीचं पान उघडा. फुकटचा मात्र मी केंद्रातल्या मशीनवर पुन्हा टाकणार नाही.