पेनड्राइव्हवरून कार स्टिरिओ अपडेट: सोय चांगली, नखरे फार

सोय कामाची आहे, पण बरेच स्टिरिओ फक्त फॅट३२ (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक जुनी पद्धत) वाचतात. ६४ जीबीचे ड्राइव्ह बरेचदा एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतात, म्हणून ‘फाइल सापडली नाही’ असं झळकतं. ८-१६ जीबीचा जुना ड्राइव्हच बरा. डाउनलोड केलेली अपडेटची झिप उघडून आतली फाइल थेट ड्राइव्हवर ठेवा, फोल्डरमध्ये नको. नाव बदलू नका. दुसऱ्यांदा डाउनलोड केल्यावर मागे चिकटणारा कंसातला १ सुद्धा घात करतो. अपडेट ज्या मॉडेलचं आहे तो नंबर आपल्या स्टिरिओच्या नंबरशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा.

खरा धोका विजेचा. अपडेट चालू असताना मध्येच गाडीचा सेल मारला आणि व्होल्टेज पडलं, तर लिहिणं अर्धवट राहून स्टिरिओ कायमचा गप्प होऊ शकतो. स्क्रीनवरची अपडेटची पट्टी ९९ टक्क्यांवर अडली तरी चावीला हात लावायचा नाही. नंतर ब्लूटूथ आणि इक्वलायझर पुन्हा लावावे लागतात, तेवढी कटकट धरून चाला.