वकिलाची लाल डायरी की ई-कोर्ट्स अ‍ॅप?

तालुका कोर्टात पुकारा झाला, पुढची तारीख पडली की हात आपोआप डायरीकडे जातो. मागच्या तारखेच्या पानावर पुढची तारीख, पुढच्या पानावर पक्षकारांची नावं आणि स्टेज, म्हणजे प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते : ‘नि. ५ वर म्हणणे’ (निशाणी ५ च्या अर्जावर समोरच्याचं उत्तर), ‘साक्षीपुरावा’. समासात आपली खूण, ‘फी बाकी’. ही खूण कुठल्याच अ‍ॅपला कळत नाही, आणि डायरीला रेंज लागत नाही.

पण डायरीत तेवढंच असतं, जेवढं आपण लिहिलं. घाईत १२ च्या जागी २१ लिहिले, की दावा गैरहजेरीत निकाली निघालाच म्हणून समजा. माझं एकदा थोडक्यात निभावलं, तेही समोरच्या वकिलांनी फोन केला म्हणून.

ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपमध्ये १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की तारीख, स्टेज, आधीच्या तारखांचं कामकाज आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. प्रकरणं ‘माय केसेस’मध्ये साठवता येतात. अशील रात्री दहाला ‘साहेब, तारीख कधी?’ विचारतो तेव्हा डायरी ऑफिसातच असते, मोबाईल खिशात. मात्र साठवलेली यादी रिफ्रेश करायची विसरलात तर जुनीच तारीख दिसते, आणि कोर्टातून नोंद चढायला उशीर झाला तर अ‍ॅपही गप्प.

मी तारीख डायरीतच लिहितो, कोर्टातच. संध्याकाळी चहा घेताना अ‍ॅपशी ताडून बघतो. ज्युनिअरला मात्र पहिल्या दिवशीच सीएनआर लिहायला लावतो, फाईलच्या कव्हरवर, मोठ्या अक्षरात.