बारा व्हॉल्व्हच्या इंजिनातून निघाले सोळा व्हॉल्व्ह

आमची सँट्रो झिंग २००६ ची. आप्पांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली आणि आज मी त्यांना त्याच गाडीतून कोल्हापूरहून मिरजेला डोळ्यांच्या तपासणीसाठी नेते. पंधरा वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून पासिंग पुन्हा करून घेतलं, पण गाडी विकायचा विषय घरात कधी निघाला नाही. त्यामुळे "इंजिन गेलंय" हे शब्द ऐकले आणि मी घाबरले. त्या घाबरण्यात २७,५०० रुपये गेले.

त्रास असा होता. सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरायची. स्टिअरिंगवरचे हात हलायचे, आतल्या आरशात मागची गाडी अस्पष्ट दिसायची. एसी लावला की आता बंद पडते असं वाटायचं. पण रस्त्याला लागून वेग घेतला की काही नाही, पिकअप ठीक, आवाज ठीक. या शेवटच्या गोष्टीला किती महत्त्व आहे हे मला तेव्हा कळलं नाही. ज्याला कळायला हवं होतं, त्याने ते विचारलंच नाही.

हायवेलगतचं एक गॅरेज ओळखीतून कळलं होतं. मालकाने बॉनेट उघडलं, दोनदा रेस मारली, ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धरला आणि म्हणाला, "मॅडम, तीन नंबरचं सिलिंडर कॉम्प्रेशन देत नाही. व्हॉल्व्ह जळलेत. हेड उतरवावं लागणार." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, व्हॉल्व्ह म्हणजे त्यातल्या झडपा, आणि कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब.) मी विचार करते म्हटलं, तर गाडीत बसलेल्या आप्पांकडे बघत म्हणाला, "वडिलांना घेऊन लांब जाता ना? रस्त्यात जाम झालं तर काय करणार?" मी हो म्हटलं.

चार दिवसांनी गाडी मिळाली. थरथर गेली होती. सोबत ऑइलने माखलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने व्हॉल्व्ह दिले, "बघा, किती खराब झाले होते." साध्या कागदावर बिल: "हेड काम, व्हॉल्व्ह, पॅकिंग, मजुरी – २७,५००." पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पिशवी दिली म्हणजे काम प्रामाणिक केलं, असं मी धरून चालले.

दुसऱ्याच आठवड्यात काहीतरी खटकायला लागलं. उभ्या गाडीचा आवाज पूर्वीपेक्षा चढा होता. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी पुढे ओढायची. पेट्रोलही जास्त जायला लागलं. शेजारच्या काकांनी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेलं. पुढचा दीड तास मी त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होते.

त्यांनी आधी नुसते प्रश्न विचारले. थंड असताना जास्त हलते की गरम झाल्यावर? ब्रेक दाबला की फरक पडतो? वेगात असताना मिसिंग होतं का, म्हणजे इंजिन मध्येच अडखळतं का? मग मीटर लावला. गरम इंजिन उभं असताना ७५० ते ९०० आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) असायला हवं, माझं १,३०० होतं. त्यांनी टॉर्च मारून थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, एक छोटा स्क्रू दाखवला. त्यावरचा रंगाचा जुना ठिपका मोडलेला होता. "ताई, दुखणं तसंच आहे. नुसती रेस वाढवून ठेवलीय." त्यांनी स्क्रू पूर्वीच्या खुणेवर आणला आणि गाडी माझ्यासमोर पुन्हा तशीच थरथरायला लागली. त्या क्षणी पोटात खड्डा पडला.

मग त्यांनी चारही प्लग काढून क्रमाने फडक्यावर मांडले आणि कॉम्प्रेशनचा गेज लावला. आकडे मला वहीत लिहायला सांगितले: १६५, १६०, १६५, १६०. चारही जवळजवळ सारखे. एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळलेला असता तर त्याचा आकडा स्पष्ट खाली दिसला असता. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, नाही वाढला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगचा. हेड उतरवायला सांगण्याआधी एवढं तरी करायचंच असतं, आणि त्याला अर्धा तास पुरतो.

"पण व्हॉल्व्ह बदललेत म्हणून ठीक आले असतील," मी म्हटलं. मिस्त्रींनी मला वाकून बघायला लावलं. हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्या सांध्यावर धूळ आणि ऑइलचा काळा थर अखंड होता. एक्झॉस्टच्या नटांवर गंज जसाच्या तसा, पान्याची एक खूणसुद्धा नाही. हेड उतरवायचं तर कूलंट काढावंच लागतं, टायमिंग बेल्ट सोडावाच लागतो. माझ्या कूलंटच्या टाकीत तेच जुनं तपकिरी पाणी होतं. नवीन होता तो फक्त टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडेने फासलेला सिलिकॉन.

मी डिकीतली पिशवी आणली. त्यांनी ती वर्तमानपत्रावर ओतली आणि व्हॉल्व्ह बोटाने बाजूला सारत मोजले. सोळा. "या इंजिनात एका सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह. तीन चोक बारा. हे चार जास्तीचे कुठून आले?" कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा भंगार माल मला माझाच म्हणून दिला होता.

खरा दोष कान लावल्यावर सापडला. टॅपेट कव्हरवरून इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांकडे) जाणारा रबरी ब्रीदर पाइप वळणावर, खालच्या बाजूला, ऑइल पिऊन मऊ पडून फाटला होता. वरून काही दिसत नव्हतं. मिस्त्रींनी बाटलीतून साबणाचं पाणी तिथे मारलं, ते आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलला. (काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो, गरम सायलेन्सरजवळ घरी करू नका.) उभ्या गाडीत इंजिन हवा थोडीच घेतं, त्यामुळे फटीतून शिरलेली जास्तीची हवा लगेच जाणवते. वेगात मुळातच भरपूर हवा जात असते, तेव्हा ती खपून जाते. म्हणून माझी गाडी सिग्नलला हलायची आणि रस्त्यावर शांत चालायची. इतक्या वर्षांचं रबर फाटणारच, त्यात गाडीचा दोष नाही.

पाइप १८० रुपयांचा. थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून सगळे मिळून ९०० घेतले, आणि जुना पाइप माझ्या हातात दिला.

तुमच्या गाडीला असा त्रास असेल तर कुणी हेड, रिंग, इंजिन हे शब्द काढताच कॉम्प्रेशनचे चारही आकडे तुमच्यासमोर घ्यायला लावा. प्लग, वायर, पाइप, थ्रॉटल, इंजिनाचं फाउंडेशन (ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं) हे सगळं त्याआधी तपासून व्हायला हवं. हेड उतरवायचं ठरलंच, तर उतरवलेलं हेड गॅरेजमध्ये जाऊन बघा, फोटो काढा. आणि गाडी परत घेताना आरपीएम मोजायला सांगा.

पिशवी घेऊन मी त्या गॅरेजमध्ये परत गेले. मालकाला व्हॉल्व्ह मोजायला सांगितले. त्याने मोजले नाहीत, पोराने चुकून दुसरी पिशवी दिली असेल म्हणाला. हेडच्या सांध्याचे फोटो दाखवल्यावर १२,००० रुपये परत केले आणि बाकीचं मजुरीत गेलं म्हणाला. कुठली मजुरी, हे सांगितलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, म्हणून तिथला अर्जही तयार केलाय. मिस्त्रींनी कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून सही करून दिलीय, तो कागद आणि सोळा व्हॉल्व्ह अर्जासोबत नेणार आहे.