स्नॉर्केलचा सेट आणि हवेचं जाकीट : काही महिने वापरल्यावर

थायलंडची सहल ठरली तेव्हा भर पावसाळ्यात हा स्नॉर्केलचा, म्हणजे पाण्यात तोंड घालून नळीने श्वास घेत मासे बघायचा, सेट मागवला होता. दोन काचांचा मास्क, ड्राय-टॉप म्हणजे वरच्या टोकाला झडप असलेली नळी, पायात घालायचे आखूड फिन्स आणि तोंडाने हवा भरायचं पिवळं जाकीट. आधी बेळगावात गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात, दिवाळीनंतर मालवणला आणि मग क्राबीजवळच्या बेटांवर वापरला. पैसे सगळ्यात जास्त मास्कला गेले, पण सगळ्यात कामाचं निघालं ते जाकीट.

आमचे कडोलीचे काका विहिरीत उड्या मारत मोठे झालेले. जाकीट बघून म्हणाले, "पोहायला येतंय की तुला, मग हे कशाला गा?" प्रश्न रास्तच आहे. पण विहिरीत कुणी गटांगळ्या खायला लागला तर काठावरच्यांना निदान कळतं. स्नॉर्केल करणारा मुळातच पाण्यात तोंड घालून निवांत तरंगत असतो. त्याची शुद्ध हरपली तरी लांबून तो मासे बघतोय असंच वाटतं. म्हणून जोडीदार हाताच्या अंतरावर हवा आणि अंगावर तरंगवणारं काहीतरी हवं, पोहता येत असलं तरी.

जाकिटात मी थोडीच हवा भरतो. पूर्ण फुगवलं तर छाती वर येते आणि मान दुखते. दोन्ही पायांमधून येणारा पट्टा मात्र लावायचाच. तो सोडला तर जाकीट सरकून हनुवटीला टेकतं. बोटीवर देतात त्या फोमच्या जाकिटाला बहुतेक वेळा हा पट्टा नसतो. ज्याला पोहता येत नाही त्याने मात्र तेच घट्ट बांधून घ्यावं, हवेच्या जाकिटावर विसंबू नये. शिवाय पिवळा रंग बोटवाल्याला लांबून दिसतो. क्राबीकडे लांब शेपटीच्या बोटी पंखा गरगरवत अगदी जवळून जातात, त्यामुळे पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या गोळ्यांच्या दोरीबाहेर जाऊच नये.

नळीबद्दल माझं मत बदललं. ड्राय-टॉपची झडप लाट आली की बंद होते, पाणी आत येत नाही, हे खरं. पण श्वास ओढताना किंचित जोर लागतो, आणि हा जोरच महत्त्वाचा. हवाई बेटांवरच्या मृत्यूंचा अभ्यास करून २०२१ मध्ये जो अहवाल आला, त्यात नळीतून ओढून श्वास घेतल्याने फुप्फुसांत पाणी साठत असावं, अशी शंका मांडली आहे. म्हणजे समुद्राचं पाणी नाकातोंडात न जाताही माणूस बुडू शकतो. अचानक धाप लागली, हातापायातलं बळ गेलं, तर मास्क नीट करत बसायचं नाही. नळी तोंडातून काढायची, उताणं व्हायचं, हात वर करायचा आणि पाण्याबाहेर यायचं. मी आता साधी उघडी नळी वापरतो. पाणी आलं की जोरात फुंकून काढायचं, एवढंच. ते तलावात शिकून गेलो होतो. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आख्खा चेहरा झाकणारा मास्क एका मित्राने आणला होता. दिसायला झकास, पण मला नको. आपण एका साध्या श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा घेतो. त्यातली दीडशे मिली तशीही श्वासनलिकेतच राहते. त्यात मास्कमधली जागा मोठी आणि आतल्या झडपा नीट बसल्या नसल्या, तर सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते. वर घाबरल्यावर तो एका झटक्यात निघत नाही.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलकी हवा ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तरच घ्या. माझ्या मिशीतून पाणी झिरपायचं, नाकाखालची मिशीची कड थोडी कापली तेव्हा थांबलं. नव्या काचेवर टूथपेस्ट चोळून धुतली की धुकं कमी धरतं. चष्मेवाल्यांनी नंबरची काच बसणाराच मास्क बघावा, नाहीतर बोट कुठली तेच कळत नाही.

समुद्राचं म्हणाल, तर त्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल बरा. लाल झेंडा असला की विषय संपला. टायटन ट्रिगरफिश घरट्याची राखण करताना चावायला येतो, आणि त्याची हद्द घरट्यापासून वर पसरत जाते. म्हणून वर न जाता आडवं पोहत लांब व्हायचं. आणखी एक, २०२१ पासून तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं असलेल्या सनस्क्रीनला बंदी आहे. आम्ही लांब बाह्यांचे पोहायचे टीशर्टच घातले, पाठही भाजली नाही. प्रवास विम्यात स्नॉर्केलिंग धरलंय का तेही वाचून घ्या, कागद बारीक अक्षरातच असतो.

तक्रार एकच, आणि ती आमच्या बेळगावच्या पावसाची. परत आल्यावर सगळं गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलं होतं, तरी पुढच्या पावसाळ्यात सिलिकॉनच्या घडीत काळे ठिपके आले. जुन्या टूथब्रशने घासल्यावर बरेचसे गेले. जाकिटाची तपासणी सोपी आहे, रात्री फुगवून ठेवायचं आणि सकाळी दाबून बघायचं. माझं अजून घट्ट राहतं. फिन्सच्या टाचेचा पट्टा मात्र चिरायला लागलाय, तो पुढच्या खेपेआधी बदलणार.