सिंबिडियम ऑर्किड ठाण्याच्या गॅलरीत: दुसऱ्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

आधी निकाल. फुलांसाठी घेणार असाल तर मोठ्या फुलांचं संकरित सिंबिडियम ठाणे-नवी मुंबईत घेऊ नका. झाड मरत नाही, उलट जोमात वाढतं. पानं लांबसडक, बल्ब (पानांच्या बुडाशी असलेले फुगीर गड्डे) टपोरे, पण फुलांच्या दांड्याचा पत्ता नाही. फुलावर आलेलं झाड पाहून भुललात तर पुढच्या हिवाळ्यात पदरी पानंच.

याचं कारण झाडाच्या वर्षचक्रात आहे. फुलं उतरली की बुडाशी नवा कोंब येतो. मार्चपासून पावसाळाभर तो वाढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचा बल्ब भरतो. भरलेल्या बल्बाच्या बुडातून दांडा निघायला काही आठवडे गार रात्री लागतात: १० ते १५ अंश, शिवाय दिवस-रात्रीत ८-१० अंशांचा फरक. सिक्कीम-दार्जिलिंगकडे हे आपसूक होतं. आपल्याकडे ऐन ऑक्टोबर हीटमध्ये बल्ब तयार होतो, तेव्हा रात्रीही पारा २३-२४ च्या खाली सहसा येत नाही. जानेवारीत थोडा गारवा येतो, पण तो मोजके दिवस टिकतो आणि तोवर उशीरही झालेला असतो.

यावर सांगितले जाणारे उपाय फारसे कामाचे नाहीत. कुंडीत बर्फ टाकला तर हवा गार होत नाही, मुळं मात्र कुजतात. एसीच्या खोलीत उजेड अपुरा आणि हवा कोरडी. विसाव्या मजल्यावर गारवा असतो म्हणतात, पण तो वारा. ६० मीटर उंचीने तापमान जेमतेम अर्धा अंश उतरतं.

कोंब की दांडा, यात हमखास गोंधळ होतो. दांडा पेन्सिलीसारखा गोल आणि टोकाला निमुळता. पानांचा कोंब चपटा असतो आणि बोटभर वाढला की टोक दुभंगून पानं फाकतात. दुसरी चूक म्हणजे पानं गळालेला जुना बल्ब काढून टाकणं. एक बल्ब साधारण एकदाच फुलतो, पण दाबून टणक लागत असेल तोवर तो नव्या कोंबाला पोसतो. म्हणूनच झाडाचे भाग वेगळे करताना प्रत्येक भागात किमान तीन बल्ब ठेवा. एकेक सुटा केलात तर फुलासाठी दोन-तीन वर्षं सहज जातात. सुरी ज्योतीवर तापवून घ्या, कारण मोझॅक विषाणू मुख्यतः कापण्यातून पसरतो आणि त्यावर औषध नाही.

कुंडीत माती नको, कोकोपीटही नको. पाइनची साल दोन भाग, लाकडी कोळसा एक भाग, विटांचे तुकडे एक भाग. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात, पण आपल्या पावसात वर्षभरात त्यांचा लगदा होतो. मार्च ते ऑगस्ट १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाशचं प्रमाण) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. सप्टेंबरपासून १३:००:४५, तेवढंच. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी खळखळून धुवा. पानांची टोकं काळी पडत असतील तर आधी सोसायटीच्या बोअरवेलकडे बघा. क्षार साचण्याचं ते नेहमीचं कारण. पूर्वेची गॅलरी उत्तम, पश्चिमेला ५० टक्क्यांचं शेडनेट हवंच. पान पोपटी असेल तर उजेड पुरेसा, गडद हिरवं म्हणजे कमी. ते गडद पान दिसायला छान दिसतं, तेवढंच.

सर्वांत जास्त नुकसान जुलैत. नव्या कोंबाच्या पोटात पाणी रात्रभर साचलं की तो बुडाशी काळा पडतो आणि ओढला की सहज हातात येतो. कुजका भाग टणक ऊतीपर्यंत कापा, कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम घालून फवारा आणि कुंडी पावसाच्या झडीतून आत घ्या. एप्रिल-मेमध्ये पानाखाली चंदेरी ठिपके दिसले तर ती लाल कोळी ही कीड. पानांची खालची बाजू आठवड्यातून दोनदा पाण्याच्या फवाऱ्याने धुतली की आटोक्यात राहतो.

सिंबिडियमच हवं असेल तर उष्ण हवेतलं घ्या. एन्सिफोलियम या जातीपासून केलेले संकर, उदाहरणार्थ पिवळं, सुवासिक गोल्डन एल्फ, थंडीवर अडून बसत नाहीत. त्याहून बिनघोर म्हणजे अ‍ॅलोइफोलियम जातीचं सिंबिडियम. ते सह्याद्री-कोकणातलंच, झाडांच्या ढोलीत वाढणारं, आणि भर उन्हाळ्यात फुलणारं. फुलं लहान, पिवळसर, मधोमध तपकिरी-लाल पट्टा. दुकानातल्या गुलाबी थाटाची अपेक्षा ठेवू नका. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून काही उपटून आणू नका, ते जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. नर्सरीत वाढवलेलं रोप मागा आणि टांगत्या टोपलीतच लावा. याचा दांडा खाली लोंबतो, त्यामुळे कुंडी कठड्यावर ठेवलीत तर तो ग्रिलमध्ये अडकून कळ्यांसकट मोडतो.