सुट्टीतलं गणित: व्हिडिओ की वही?

कॉलेजआधी गणित पक्कं करायचं तर दोन वाटा: खान अकॅडमीसारखे मोफत व्हिडिओ, नाहीतर जुनं पाठ्यपुस्तक आणि कोरी वही. व्हिडिओत विसरलेली संकल्पना चटकन उलगडते, अडलं की मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं. पण नुसतं पाहताना सगळं सोपंच वाटतं, ही खरी गोम. कॅल्क्युलसमध्येही बरेच जण अडतात ते बीजगणितातच. (क + ख)² म्हणजे क² + ख² लिहून मोकळे, मधलं २कख गायब! ३ आणि ४ घालून बघा: एकीकडे ४९, दुसरीकडे २५. ही खोड हाताने गणितं सोडवूनच जाते. वही कंटाळवाणी खरी, चूक कुठे झाली तेही सांगत नाही. तरी माझं मत वहीलाच. लॉगॅरिदम पार विसरला असाल, तर मात्र आधी व्हिडिओ बघा.