कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज : वर्षभर शिकल्यानंतर

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्या नवऱ्यामागे जोडीदाराच्या व्हिसावर इथे आलेल्या, हातात पुण्या-नाशिकची बी.कॉम. असलेल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात, कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात जाता येतं त्या सरकारी कॉलेजला, जावं का? बारावीतल्या मुलांचे आईबापही तोच प्रश्न विचारतात, पण जरा आवाज खाली आणून. आपल्या लोकांत अजून समज आहे की तिथे दुसरीकडे प्रवेश न मिळालेली मुलं जातात. मी गेल्या वर्षीपासून बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग शिकतेय, आणि हा समज साफ चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

आधी पैशांचं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि राज्याच्या रहिवाशाला फी युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर. २०१२ पासून हा दर बदललेला नाही. चार युनिटच्या विषयाचे १८४ डॉलर होतात, वर आरोग्य शुल्क, पार्किंग वगैरे किरकोळ. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची, म्हणजे छोट्या सत्रांची, तिथे युनिटला ३१ डॉलर. उत्पन्न कमी असेल तर ही फीसुद्धा माफ होऊ शकते. एच-४ वाल्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहून झालं आणि इथेच राहायचा इरादा कागदोपत्री दाखवता आला, तर रहिवाशाचा दर मिळतो. त्याआधी नाव घातलं तर युनिटमागे आणखी तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. तेव्हा घराचा करार, राज्याचं टॅक्स रिटर्न आणि लायसन्स पहिल्या महिन्यापासून एका फाइलमध्ये ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ही सवलत नाही.

फी कमी म्हणून शिकवणं हलकं असेल, तर तसंही नाही. आमचे फायनान्शियल अकाउंटिंगचे सर दिवसा एका फर्ममध्ये काम करतात आणि संध्याकाळी वर्ग घेतात. वर्गात तीस-पस्तीस जण, त्यामुळे प्रत्येकाची वही ते बघतात. माझ्या वहीतल्या लेजरमध्ये भारतातल्या सवयीने ‘टू कॅश’, ‘बाय सेल्स’ लिहिलेलं पाहून ते थांबले आणि मला फळ्यापाशी बोलावून सगळ्या वर्गाला समजावून सांगायला लावलं. मग भारतात न चालणारी लिफो पद्धत अमेरिकेत अजून का चालते, यावर अर्धा तास बोलले. भाव चढते असताना शेवटी घेतलेला महाग माल आधी खर्ची टाकला की नफा कमी दिसतो, कर कमी बसतो, हे त्यांनी एका पेट्रोल पंपाच्या आकड्यांवर करून दाखवलं. बी.कॉम.ला मी हे पाठ केलं होतं, समजलं इथे.

सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते मात्र वर्गाबाहेर. आमच्या कॉलेजात फेब्रुवारी ते एप्रिल व्हीटाचं केंद्र चालतं. हा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचा, कार्यक्रम आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेले स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांची रिटर्न्स फुकट भरून देतात. पहिल्याच शनिवारी एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत सगळं घेऊन आले. दोन मालकांचे डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचे दाखले), सोशल सिक्युरिटीचं (सरकारी पेन्शनचं) पत्रक, औषधांची बिलं, एक न उघडलेलं आयआरएसचं पाकीट. ते पाकीट त्यांच्याकडे कित्येक महिने तसंच पडून होतं, भीतीपोटी. आत काही वाईट नव्हतं, आधीच्या वर्षीच्या रिटर्नमधली बेरीज आयआरएसने दुरुस्त केली होती आणि उलट आजोबांनाच थोडे पैसे मिळायचे होते. मी आणि आमचे पर्यवेक्षक दोघांनी मिळून त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवलं. कामाचा असा अनुभव, तोही व्हिसाच्या चौकटीत राहून विनामोबदला, मला दुसरीकडे कुठे मिळाला असता?

आता तक्रारी.

नोंदणी हा खरा ताप आहे. नव्या विद्यार्थ्याची तारीख उशिराची, तोवर संध्याकाळचे वर्ग भरलेले. वेटलिस्टवर राहा, पहिल्या दिवशी जाऊन शिक्षकांकडून ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायच्या परवानगीचा क्रमांक, मागा. त्यात ऑनलाइन वर्गांत आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या नावांनी भरती करणारी टोळकी घुसलीत. हा त्रास राज्यभर आहे. एका वर्गात यादीत जागा शिल्लक नव्हती आणि पहिल्या आठवड्यात चर्चेच्या पानावर मोजकेच जण लिहीत होते. शिक्षिकेने एकेकाला मेल पाठवून उत्तर न देणाऱ्यांची नावं काढली, तेव्हा खऱ्या मुलांना जागा मिळाल्या. तोवर काही जण कंटाळून निघूनही गेले होते.

पुस्तकांचाही खर्च आहे. गृहपाठाच्या वेबसाइटचा ॲक्सेस कोड कधी कधी विषयाच्या फीच्या जवळ जातो, आणि तो जुना विकत घेता येत नाही. वेळापत्रकात ज्या वर्गांपुढे पुस्तकखर्च शून्य अशी खूण असते ते आधी बघा. अर्धवेळ शिक्षक दोन-तीन कॉलेजांत धावत शिकवतात, त्यांना बसायला खोली नसते. शंका विचारायची तर पार्किंगपर्यंत सोबत चालत जायचं. दोष त्यांचा नाही, पण त्रास होतो.

मला खरोखर राग येतो तो समुपदेशनाचा. कामाच्या दिवसांत भेट मिळत नाही, मिळाली तर अर्धा तास. माझ्या भारतातल्या पदवीबद्दल एकीने सांगितलं, सगळं पहिल्यापासून करा. दुसऱ्याने सांगितलं, पूर्वअट माफ करण्याचा अर्ज असतो, तो भरा. मी भरला, मंजूर झाला. मी चाळिशीची आहे, इंग्रजी येतं, भांडता येतं. माझ्या शेजारी बसणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, रात्री गोदामात काम करून येतो, आई हॉटेलात साफसफाई करते. त्याला यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, बिझनेसला जायचंय. त्याला ज्या कॅम्पसला जायचंय तिथे कॅल्क्युलस लागतं, आणि ते त्याला कोणी सांगितलंच नाही. तो स्टॅटिस्टिक्स करून बसला. कोणता विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो हे असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं. ते त्याने पहिल्यांदा माझ्या फोनवर पाहिलं. आपल्या घरांतले आईबाप दहावीतच तो तक्ता छापून भिंतीला लावतात. म्हणजे ज्यांना माहिती आहे त्यांना हे कॉलेज भरभरून देतं, आणि ज्यांच्यासाठी ते मुळात उभं आहे त्यांचं वर्ष वाया जातं. हे मला अजिबात पटत नाही.

तर जावं का? बी.कॉम.वाल्यांनी जरूर जावं. सीपीएसाठी (आपल्या सीएसारखा इथला परवाना) कमी पडणारी अकाउंटिंगची युनिट्स कॅलिफोर्नियाचं बोर्ड कम्युनिटी कॉलेजची धरतं, मात्र आधी बोर्डाच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्या, नाहीतर काय कमी पडतंय तेच कळणार नाही. बारावीच्या पालकांनो, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा यूसी कॅम्पसना कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांसाठी टॅगची सोय आहे. ठरलेले विषय आणि गुण असले तर प्रवेशाची हमी, काही शाखा वगळून. अर्ज सप्टेंबरमध्ये. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला ही हमी नाही, पण तिथेही कम्युनिटी कॉलेजातून दरवर्षी मुलं जातात.

पहिल्या सत्रात प्रत्येक नव्या मुलाला असिस्ट उघडून दाखवणारा एक तास सक्तीचा करा, असं मी विद्यार्थी सर्वेक्षणात लिहिलंय. विद्यार्थी संघटनेच्या पुढच्या बैठकीतही मांडणार आहे. तो शेजारचा मुलगा सोबत यायला तयार झालाय.